५७ सेकंदांचं पाणी

स्टॉकहोम ऑलिंपिकच्या मॅरेथॉनचा घटनाक्रम

रविवार, १४ जुलै १९१२ रोजी भर दुपारी स्टॉकहोमच्या स्टेडियममधून ६८ जण मॅरेथॉनला सुटले. जवळपास निम्म्यांनी शर्यत अर्धवट सोडली. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो दुसऱ्या दिवशी सकाळी ६.२० ला दवाखान्यात वारला. आधुनिक ऑलिंपिकमध्ये स्पर्धेने घेतलेला हा पहिला बळी. शर्यत सुटल्यापासून त्याच्या हातात १६ तास ३२ मिनिटं होती. सुटण्याची, विजेत्याच्या पोचण्याची आणि मृत्यूची वेळ नोंदलेली आहे. मधल्या वेळा धावण्याच्या गतीवरून काढलेल्या आहेत, त्यात पाच-दहा मिनिटं इकडे-तिकडे धरून चालावं.

दुपारी एकच्या पुढे: तयारी

लाझारो लिस्बनचा. मोटारींचे सांगाडे बनवणाऱ्या कारखान्यात सुतारकाम करायचा. प्रशिक्षक वगैरे कोणी नव्हतं. लिस्बनच्या रस्त्यांवर ट्रामशी शर्यत लावून त्याने पाय तयार केले, असं तिकडे सांगतात. देशातली मॅरेथॉन त्याने तीनदा जिंकली होती. पोर्तुगालचं ते पहिलंच ऑलिंपिक, संघ सहा जणांचा, आणि उद्घाटनाला झेंडा लाझारोच्या हातात. राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलेलं, त्यामुळे झेंडाही नवाकोरा. घरी बायको गरोदर होती. ‘जिंकेन, नाहीतर मरेन’ अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला होता म्हणे. माणूस गेल्यावर अशा वाक्यांना रंग चढतो, तेव्हा त्यावर फार भर देण्यात अर्थ नाही.

भर द्यायचा तो एका बारक्या गोष्टीवर. धावायला उतरण्याआधी त्याने अंगाच्या बऱ्याच भागाला चरबी चोपडली. उन्हाने कातडी भाजू नये, एवढाच हेतू. वरवर पाहता शहाणपणाचंच काम.

आपल्याकडच्या माठाची परीक्षा सगळ्यांना ठाऊक असते. पाझरणारा माठ पाणी गार करतो. त्याच माठाला बाहेरून तेलरंग दिला, तर तो नुसता शोभेचा. पाझर बंद झाला की आतलं पाणी हवेइतकंच कोमट राहतं. स्टॉकहोममध्ये त्या दुपारी सावलीतलं तापमान ३२ अंशांच्या घरात होतं. त्या गावाला असं ऊन क्वचित पडतं. अशा उन्हात पाझरण्याची वाट बुजवून लाझारो सुटण्याच्या रेषेवर उभा राहिला.

स्पर्धकांची वैद्यकीय तपासणी आधी झालेली होती. हृदय-फुप्फुसं ठीक असल्याशिवाय उतरू दिलं जात नव्हतं. पण तपासणी होते ती बसलेल्या माणसाची. पुढच्या दोन तासांत त्याचं शरीर काय करणार आहे, हे छातीला नळी लावून कळत नाही.

दुपारी १.४८ | उरले १६ तास ३२ मिनिटं

बंदुकीचा बार झाला. अंतर ४०.२ किलोमीटर. ४२.१९५ हा आकडा मॅरेथॉनला कायमचा चिकटायला अजून नऊ वर्षं होती. स्टेडियममधून उत्तरेला निघायचं, सोलेंटुनाच्या चर्चपाशी वळसा घ्यायचा आणि त्याच रस्त्याने परत यायचं. रस्ता मातीचा, चढउतारांचा, सावली बेताची. अनेकांनी डोक्याला रुमाल बांधले होते, काहींनी पांढऱ्या टोप्या घातल्या होत्या.

सुटण्याची वेळ पाहा: पावणेदोन. सूर्य डोक्यावर असताना आणि जमीन तापून परत उष्णता फेकू लागलेली असताना. स्टेडियमच्या कार्यक्रमात ही वेळ बसत होती, प्रेक्षकांना सोयीची होती. धावणाऱ्याच्या शरीराला त्यात मत नव्हतं. आज मुंबई मॅरेथॉन जानेवारीत आणि पहाटे अंधारात सुटते, त्यामागे असल्याच दुपारांचा धडा आहे.

दुपारी २.०५ | उरले १६ तास १५ मिनिटं

चारेक किलोमीटर झाले. अजून कोणाला काही झालेलं नाही. पण हिशोब चालू झालाय, तो एकदा मांडून बघू.

६० किलो वजनाचा धावपटू धरा. तो दर किलोमीटरला साधारण ६० किलोकॅलरी जाळतो. चार मिनिटांत एक किलोमीटर या वेगाने तासाला ९००. त्यातली जेमतेम पाव ऊर्जा पाय उचलण्याच्या कामी येते. उरलेली, म्हणजे सुमारे ७०० किलोकॅलरी, निव्वळ उष्णता. एवढ्या वजनाच्या शरीराचं तापमान एक अंशाने चढायला ५० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे उष्णता बाहेर पडलीच नाही, तर दर चार-सव्वाचार मिनिटांनी एक अंश. सदतीसवरून एकेचाळीसला पोचायला वीस मिनिटंही लागायची नाहीत.

तसं होत नाही, कारण शरीर उष्णता बाहेर फेकत असतं. थंडीत हे सोपं असतं: कातडी गरम, हवा गार, उष्णता आपसूक निघून जाते. हवा ३२ अंशांवर गेली की ही वाट अरुंद होते, आणि वरून ऊन उलट उष्णता ओतत असतं. मग भिस्त उरते ती एकट्या घामावर. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळपास ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. आपल्या धावपटूला तासाला सव्वा लिटर घाम नुसता गाळून चालणार नाही, तो अंगावर वाळवावा लागेल.

सगळी मेख या वाळण्यात आहे. हनुवटीवरून टपकलेला घाम शरीराला काही देत नाही, फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो. म्हणून विदर्भातल्या ४२ अंशांच्या कोरड्या दुपारी माणूस पाणी पीत राहिला, सावली धरून राहिला तर तग धरतो, आणि कोकणपट्टीत ३४ अंशांतही दमट हवेत घामाच्या धारा लागून तो बेजार होतो. पारा कमी असला तरी तिथे घाम वाळत नाही. लाझारोच्या अंगावर चरबीचा थर होता. हवा वाळवायला तयार असेलही, पण तिच्यापर्यंत घाम नीट पोचतच नव्हता.

दुपारी ३.०० | उरले १५ तास २० मिनिटं

पुढचे धावपटू सोलेंटुनाच्या वळणावर आले. दक्षिण आफ्रिकेचा क्रिश्चन गिटशॅम पुढे, त्याच्या पाठोपाठ फिनलंडचा टाटू कोलेमाइनेन, मग दक्षिण आफ्रिकेचाच केनेडी मॅकआर्थर. जन्माने आयरिश असलेला मॅकआर्थर पोलिसात होता.

निम्मं अंतर झालं होतं, आणि याच सुमाराला शरीरात ओढाताण सुरू होते. रक्त एकच, गिऱ्हाइकं दोन. स्नायूंना प्राणवायूसाठी रक्त हवं असतं, कातडीला उष्णता बाहेर सोडण्यासाठी. घाम जाईल तसं रक्तातलं पाणीही आटतं. मग हृदय दर ठोक्याला कमी रक्त फेकतं आणि भरपाई म्हणून ठोके वाढवतं. वेग तोच असतो, पण नाडी चढत जाते. वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त पाणी गेलं, की बहुतेकांचा दम उन्हात ठळकपणे उतरतो. ६० किलोच्या माणसाला हे म्हणजे सव्वा लिटर, तासाभराचा घाम.

मग पीत राहावं की! पण त्या पिढीच्या धावपटूंत समज उलटा होता. धावताना पाणी प्यायलं की पोट जड होतं, पोटात कळ येते, आणि पाणी मागणारा गडी कच्चा. तहान मारणं हा सरावाचाच भाग मानला जायचा. आठ वर्षं आधी, १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये, आयोजकांनी धुळीच्या रस्त्यावर पाण्याची सोय मुद्दाम तोकडी ठेवली होती. ३२ जणांपैकी १४ जणच शेवटपर्यंत पोचले. त्या मानाने स्टॉकहोम उदार होतं, वाटेत पाणी होतं, डॉक्टरही होते. सोय असली तरी समज तोच होता.

आणि समजाच्या जोडीला शरीराची मर्यादाही आहे. जोरात धावताना आतडी तासाला जेमतेम लिटरभर पाणी शोषू शकतात, अनेकांची त्याहून कमी. घाम मात्र दीड-दोन लिटरही जाऊ शकतो. म्हणजे उन्हात कष्ट चालू असताना जमाखर्च पिऊन जुळत नाही. तूट कमी करता येते, भरून काढता येते ती थांबल्यावरच.

दुपारी ३.४५ | उरले १४ तास ३५ मिनिटं

परतीच्या रस्त्यावर माणसं गळू लागली होती. त्यात एक जपानचा शिझो कानाकुरी. बोटीने आणि सैबेरियाच्या रेल्वेने अठरा दिवसांचा प्रवास करून आलेला, पायात जपानी पद्धतीचे कापडी ताबी. घाम आला की माणूस थकतो, तेव्हा पाणी टाळावं, हा समज त्याच्याही पिढीचा होता. साधारण २७ किलोमीटरवर त्याचे पाय चालेनात. रस्त्यालगतच्या एका घरच्या बागेत मंडळी जमली होती. तो तिथे शिरला, त्यांनी त्याला प्यायला सरबत दिलं, बसवलं. तो पुन्हा रस्त्यावर उतरला नाही. शरमेने आयोजकांनाही न सांगता तो निघून गेला, आणि स्वीडनच्या दप्तरी कित्येक वर्षं ‘बेपत्ता’ राहिला.

त्या दुपारी पुरता कोलमडलेला कानाकुरी वाचला, तो पेल्यातल्या सरबतापेक्षाही बागेतल्या सावलीने आणि बसण्याने. पाय थांबले त्या क्षणी तासाला ७०० किलोकॅलरीची भट्टी विझली. उन्हात शरीर निववण्याचा याहून जलद उपाय माणसाच्या स्वतःच्या हातात दुसरा नसतो.

दुपारी ४ च्या सुमारास | उरले १४ तास २० मिनिटं

तीसेक किलोमीटर. एव्हर-यार्वाचा चढ. लाझारो धडपडला, सावरला, पुन्हा पळाला, पुन्हा पडला. शेवटी उठला नाही.

हे उठून पुन्हा पळणं म्हणजे जिद्द, असं आपण सहज म्हणून जातो. वैद्यकाच्या दृष्टीने ती धोक्याची शेवटची घंटा असते. आतलं तापमान ४० च्या पुढे गेलं की मेंदूच्या निवाड्यात घोळ होतो. चाल झोकांड्या खाते, बोलणं असंबद्ध होतं, स्वभावाने शांत माणूस खेकसतो, आणि ‘थांब’ म्हटलं तर ‘मी ठीक आहे’ म्हणतो. थांबायचा निर्णय ज्या अवयवाने घ्यायचा, तोच आधी बिघडलेला असतो. म्हणून उष्माघातात रोग्याच्या ‘ठीक आहे’वर विश्वास ठेवू नये. पोलीस भरतीच्या मैदानावर १६०० मीटर पळणारा पोरगा असो की स्लॅबवर घमेली वाहणारा बिगारी, ओळखायची खूण एकच: माणूस नेहमीसारखा वागत नाहीये. कातडी कोरडी पडण्याची वाट बघत बसू नये. कष्टाने होणाऱ्या उष्माघातात रोगी बरेचदा घामाने निथळत असतो.

दुपारी ४.१५ | उरले १४ तास ५ मिनिटं

मागे रस्त्यावर काय झालंय, याचा पुढच्यांना पत्ता नाही. कोलेमाइनेन शर्यत सोडून गेला होता. पुढे फक्त दोघे, एकाच देशाचे, खांद्याला खांदा लावून. स्टेडियम टप्प्यात आलेलं. गिटशॅम पाणी प्यायला थांबला. मॅकआर्थर थांबेल असं आपसात ठरलं होतं, असं गिटशॅमचं म्हणणं. मॅकआर्थर थांबला नाही.

दुपारी ४.२५ | उरले १३ तास ५५ मिनिटं

मॅकआर्थर स्टेडियममध्ये आला. वेळ २ तास ३६ मिनिटं ५४.८ सेकंद. गिटशॅम २ तास ३७ मिनिटं ५२ सेकंद. दोघांत ५७ सेकंदांचं अंतर. तिसरा अमेरिकेचा गॅस्टन स्ट्रोबिनो.

पाण्याच्या एका थांब्याने सुवर्णपदक गेलं, ही गोष्ट सांगायला सोपी आणि लक्षात राहायला त्याहून सोपी. त्या दिवसाचे दोन धडे शेजारी-शेजारी पडले होते: थांबला तो हरला, आणि थांबला नाही तो मेला. लोकांच्या तोंडी पहिलाच राहिला.

संध्याकाळ | उरले १२ तास

लाझारोला शहरातल्या सेराफिमर दवाखान्यात नेलं होतं. ताप ४१ अंशांच्या पुढे, शुद्ध नाही, झटके. डॉक्टरांनी त्या काळी हाताशी होतं ते केलं.

आज अशा रोग्याबाबत नियम उलट क्रमाने सांगितला जातो: आधी गार करा, मग दवाखान्यात न्या. पहिला अर्धा तास निर्णायक. बर्फाच्या पाण्याचा टब असेल तर मानेपर्यंत त्यात बुडवायचं. अमेरिकेत फॅलमथची उन्हाळी शर्यत दरवर्षी होते. तिथल्या १८ वर्षांतल्या नोंदींत उष्माघाताचे २७४ रोगी सापडले. जागच्या जागी थंड पाण्यात बुडवल्याने त्यातले सगळे वाचले, हे २०१५ साली प्रसिद्ध झालं. एकही दगावला नाही.

टब नसेल तर? शेतात, बांधकामावर, गावच्या मैदानावर टब कुठून आणणार? सावलीत ओढा, कपडे सैल करा, मिळेल त्या पाण्याने अंग सतत भिजवा आणि जोरात वारा घाला. पंपाचा पाइप सापडला तर उत्तम. काखेत, मानेला, जांघेत बर्फ किंवा ओले फडके ठेवा. गाडी येईपर्यंत आणि गाडीतही हे थांबवायचं नाही. आणि शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. कांदा हुंगवणं, गालावर चापट्या मारणं यात वेळ जातो, ताप उतरत नाही.

मध्यरात्र | उरले ६ तास २० मिनिटं

बाहेर गारवा आला असेल. शरीरातली पडझड मात्र तापमानाच्या मागोमाग थांबत नाही. कष्टाच्या उष्माघातात काय होतं ते आता नीट माहीत आहे. कातडीकडे आणि स्नायूंकडे रक्त वळवताना आतड्यांचा पुरवठा तुटतो, त्यांचं अस्तर झिरपू लागतं आणि जंतूंची विषं रक्तात उतरतात. स्नायूंच्या पेशी फुटून त्यांचा गाळ मूत्रपिंडात अडकतो. यकृत निकामी होत जातं. रक्त एकीकडे नको तिथे गोठतं, दुसरीकडे हवं तिथे गोठत नाही. क्षारांचा तोल गेल्याने हृदयाची लय बिघडते. तापमान किती चढलं, याइतकंच ते किती वेळ चढलेलं राहिलं, यावर सगळं ठरतं.

लाझारो एव्हर-यार्वाच्या चढावर पडला त्याला आठ तास होऊन गेले होते.

सोमवार, १५ जुलै, सकाळी ६.२० | उरलं काही नाही

फ्रान्सिस्को लाझारो गेला.

आधी सगळ्यांची समजूत झाली की उन्हात अंगातलं पाणी संपून तो गेला. चरबीची गोष्ट नंतर पुढे आली: घामाला अटकाव झाला, शरीरातल्या पाण्याचा आणि क्षारांचा तोल ढासळला. या दोन निदानांत मोठा फरक आहे. पहिलं खरं असतं तर आणखी पेलाभर पाण्याने तो वाचला असता. दुसरं सांगतं की त्याने वाटेतलं सगळं पाणी संपवलं असतं तरी धोका टळला नसता, कारण उष्णतेची बाहेरची वाटच बुजली होती. पाणी हा कच्चा माल आहे. त्याचा घाम व्हावा लागतो, घाम वाळावा लागतो, आणि हे होत असताना भट्टी मंद करावी लागते. तिन्हींपैकी एक तुटलं तरी बाटली हातात असून माणूस पडतो.

त्याच्या कुटुंबासाठी स्टॉकहोममध्ये निधी गोळा झाला. लिस्बनमध्ये एका मैदानाला त्याचं नाव आहे.

नंतरची वर्षं

पुढची ऑलिंपिक मॅरेथॉन आठ वर्षांनी, १९२० साली अँटवर्पला झाली. मधलं ऑलिंपिक महायुद्धाने गिळलं. अँटवर्पला हवा गार होती, पाऊस होता. बेळगावचा फडेप्पा चौगुले तिथे भारताकडून धावला आणि १९ वा आला. त्याच्या दोन मिनिटं पुढे, १६ व्या क्रमांकावर होता तो बागेत सरबत प्यायलेला कानाकुरी. अंतर स्टॉकहोमपेक्षा अडीच किलोमीटरने जास्त. माणूस तोच, हवा वेगळी. १९६७ मध्ये स्वीडनने त्याला बोलावून घेतलं आणि त्याची स्टॉकहोमची राहिलेली शर्यत पुरी करून घेतली. वेळ लागली ५४ वर्षं ८ महिने ६ दिवस आणि वर काही तास.

पाण्याबद्दलचा समज बदलायला मात्र बराच वेळ लागला. १९५३ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतसुद्धा मॅरेथॉनमध्ये पहिले १५ किलोमीटर पाणी द्यायची सोय नव्हती. मग समज फिरला आणि पार दुसऱ्या टोकाला गेला: तहान लागायच्या आत प्या, जमेल तितकं प्या. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये २८ वर्षांची एक धावपटू पाणी कमी पडून नव्हे, जास्त झाल्याने दगावली. रक्तातलं मीठ इतकं पातळ झालं की मेंदूला सूज आली. त्याच शर्यतीतल्या ४८८ जणांच्या रक्ताची तपासणी झाली होती. त्यांच्यापैकी १३ टक्क्यांचं सोडियम धोक्याच्या रेषेखाली निघालं. चार-पाच तास रमतगमत धावणारा, प्रत्येक टेबलावर पेला उचलणारा माणूस यात सापडतो.

म्हणून आजचा सल्ला साधा आहे. तहानेला मान द्या, तिच्यावर मात करायला जाऊ नका. कष्टाआधी आणि नंतर वजन करून बघा. किलोभर घटलं तर लिटरभर तूट आहे, वजन वाढलं तर गरजेपेक्षा जास्त प्यायलात. सकाळची लघवी गर्द पिवळी असेल तर दिवसाची सुरुवातच तुटीत आहे. तासाभराहून जास्त घाम गाळायचा असेल तर नुसत्या पाण्याला मिठाची जोड हवी: मीठ-साखरेचं लिंबू सरबत, ताक, पन्हं किंवा दवाखान्यात मिळणारी क्षारांची पुडी. आणि नव्या उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. या काळात घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ घटतं. उष्माघाताचे बळी मोठ्या संख्येने पहिल्या काही दिवसांतले असतात: कामावर नवा आलेला मजूर, सुट्टीनंतर मैदानात उतरलेला खेळाडू.

२०१९ मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन होती. धावायला सुटल्या ६८ जणी, स्टॉकहोमइतक्याच. तापमानही बत्तीसच्या आगेमागे, आणि दमटपणा भयंकर. शर्यत मध्यरात्रीला सुरू केली तरी २८ जणींनी ती वाटेत सोडली. एकही दगावली नाही. सूर्य नव्हता, बर्फ होता, चाकांच्या खुर्च्या घेऊन माणसं उभी होती, आणि मुख्य म्हणजे शर्यत सोडणं आता बेअब्रूचं राहिलं नव्हतं.

ही मुभा अजून खेळाडूंपुरतीच आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावरच्या पुरस्कार सोहळ्यात उन्हाने १४ बळी घेतले. तिथे कोणी धावत नव्हतं, लोक तासन् तास नुसते बसले होते. त्यानंतर दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम नकोत, असं राज्य सरकारने ठरवलं. पण त्याच वेळात रस्त्यावर डांबर ओतणाऱ्याला, इमारतीवर सळया बांधणाऱ्याला आणि डिलिव्हरीची मिनिटं मोजत दुचाकी हाकणाऱ्याला कोण थांबवतं? मध्य अमेरिकेत उसाच्या फडात राबणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडं मोठ्या प्रमाणावर निकामी होताना दिसली. उन्हातले अतोनात कष्ट आणि पुन्हा पुन्हा आटणारं पाणी हे त्याचं प्रमुख कारण मानलं जातं. तिथल्या कारखान्यांवर जो कार्यक्रम राबवला गेला, त्यात तीन गोष्टी एकत्र आहेत: पाणी, विसावा, सावली. नुसते पाण्याचे टँकर उभे करून भागत नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं.

आपल्या फडातला हिशोब टनावर चालतो, कोयत्याचा खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. ऊन लागलं म्हणून बसलेली बाई नुसती पाणी प्यायला थांबलेली नसते, ती उष्णता तयार करणं थांबवत असते. रोजंदारीच्या भाषेत त्याला कामचुकारपणा म्हणतात. बाटली मजुराने घरून आणलेली असते, ती कमरेला असतेच. थांबायची परवानगी कमरेला बांधून आणता येत नाही, ती मुकादमाला, ठेकेदाराला, मैदानावरच्या मास्तरला द्यावी लागते. तासाला दहा मिनिटं सावलीत, पगार न कापता, आणि पहिल्या दोन आठवड्यांत नव्या माणसाला निम्मं काम: एवढं नोंदवहीत लिहून पाळलं, तरच ‘भरपूर पाणी प्या’ या फलकाला काही अर्थ आहे.